हँडलाला बांधलेली सुतळी

नऊ वर्षं झाली. ही गोष्ट तोंडाशी आली की मी चहा मागतो, नाहीतर बोलणं पाऊसपाण्यावर नेतो. बायकोला सांगितली नाही, देवापुढेही बोललो नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. लिहिता लिहिता मधूनच दाराकडे बघतोय — कुणी आलं तर कागद उशाखाली सरकवायचा आहे.

आम्ही कुरुंद्याकडचे, हळद पिकवणारे. माझ्या अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, आणि मी मिळून हळद पॉलिश करून देतो. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालायची आणि डिझेल इंजिनावर पट्टा चढवून ड्रम फिरवायचा. उन्हाळ्याच्या तोंडाचे दोन-तीन महिने हे काम चालतं. मग इंजीन पुढच्या हंगामापर्यंत शेडमध्ये बंद. ते नीट बंद करून ठेवणं माझ्याकडे, आणि हंगामाला पुन्हा चालू करणं तेव्हा दाजींकडे असायचं.

बंद करायची एक रीत आहे. ती मला दाजींनीच शिकवली. इंजीन गरम करून जुनं तेल सोडायचं, नवं भरायचं. पाणी काढून टाकायचं. डिझेलची टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत ओल धरत नाही. मग हवा ओढायच्या तोंडातून दोन पळ्या तेल सोडायचं आणि हँडल सावकाश हातानं फिरवायचं, की पिस्टनला गंज लागत नाही. हवेच्या आणि धुराच्या, दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबायच्या. शेवटी हँडलाला सुतळी बांधायची, आणि जितक्या पळ्या तेल तितक्या गाठी मारायच्या. चालू करणारा गाठी मोजतो. आतला दाब सोडणारा खटका उचलून, एका गाठीला दहा फेरे याप्रमाणे इंजीन रिकामं फिरवतो, आतलं तेल बाहेर पडतं, आणि मगच चालू करतो. तेल आत राहिलं तर इंजीन तेच जाळून पळत सुटतं, डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. म्हणून सुतळीवर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो.

नऊ वर्षांपूर्वी, हंगामाच्या पहिल्या सकाळी तसंच झालं.

पूजा झाली होती. आमच्याकडे पहिल्या दिवशी इंजिनाला हळदकुंकू लावून, नारळ फोडून, वाटीभर नवं तेल पाजायचं असा दाजींच्या घरचा रिवाज. अक्कानं पितळेची वाटी आणली, दाजींनी ती तेलाच्या भोकात रिकामी केली. मग सुतळी हातात घेतली. दोन गाठी. वीस फेरे मारले, खटका सोडला, इंजीन सुरू झालं. आधी बरं वाटलं. मग आवाज चढत गेला. चढतच गेला — पांढऱ्या धुरात शेड दिसेना, जमीन पायाखाली हलायला लागली, हळद निवडणाऱ्या बाया लेकरं उचलून पळाल्या. दाजींनी डिझेल बंद केलं. आवाज चढतच होता.

हवेचं तोंड बंद केलं की असं इंजीन थांबतं. ओलं पोतं माझ्या पायाशी पडलेलं होतं. मी दाजींपेक्षा जवळ होतो. आणि मी पळालो. पार कॅनॉलच्या पाळूपर्यंत. ते पोतं दाजींनी उचललं आणि हवेच्या तोंडावर दाबलं. इंजीन थांबलं, पण त्याआधी पट्टा तुटला आणि त्यांच्या उजव्या हातावर बसला. दोन बोटं गेली, उरलेली मिटत नाहीत.

मी पळालो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पारावर अजून माझी चेष्टा होते — "इंजीन निघालं बरं का, पळा." मीही हसतो. खरं सांगू? मला ती चेष्टा बरी वाटते. भित्रा म्हणवून घेतलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत.

पुढचं काय? मिस्त्री आला. त्यानं तेल मोजायची पट्टी काढून बघितली, तेल खुणेच्या कितीतरी वर. "कुनी घातलं एवढं?" दाजी दवाखान्यातून हात बांधून नुकतेच आले होते. म्हणाले, "म्या घातलं. वाटीभर." सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मग मिस्त्री माझ्याकडे वळला — बंद करताना किती घातलं होतं?

मी सुतळी दाखवली. म्हणालो, "दोन पळ्या. ह्या बघा गाठी."

आता ते सांगतो. सांगायलाच बसलोय.

त्याच्या आदल्या वर्षी पिस्टन गंजून जाम झाला होता. ऐन हंगामात आठ दिवस काम बंद. दाजी चार लोकांत हसून म्हणाले होते, "पाव्हणं, तेल पाजलं व्हतं का नुसतं दाखवलं व्हतं?" सगळे हसले. मला त्या हसण्याचा धसकाच बसला. म्हणून पुढच्या वेळी बंद करताना मी दोन पळ्या घातल्या, मग वाटलं अजून एक. मग अजून एक. शेडमागून कॅनॉल जातो, भिंती बारा महिने ओल्या — पुन्हा जाम झालं तर? शेवटी पळी ठेवून दिली आणि हातातला डबाच ओतला. लिटरभर. वरून ओतलेलं ते तेल झिरपत खालच्या तेलातही उतरतं. मग गाठी मारायला सुतळी घेतली, आणि डोळ्यांपुढे आले ते हसणारे लोक. वीस-पंचवीस गाठींची सुतळी बघून दाजी काय म्हणतील?

मी दोनच गाठी मारल्या.

पुढे कितीतरी महिने ती सुतळी तिथेच लोंबत होती. शेडवरून जाताना रोज वाटायचं, आज जाऊन सोडावी, खऱ्या बांधाव्या. पण मी तसाच पुढे जायचो. त्या सकाळीही दाजी फेरे मोजत होते — अठरा, एकोणीस — आणि मी समोर उभा होतो. वीस फेऱ्यांत डबाभर तेल निघत नाही, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. "थांबा" एवढाच शब्द लागत होता.

अक्कानं ती पितळेची वाटी माळ्यावर टाकून दिली. दाजींवर चिडली की अजून म्हणते, "त्या वाटीनं वाटोळं केलं माझ्या घराचं." दाजी खाली मान घालतात. त्या दिवसापासून त्यांनी हँडलाला हात लावलेला नाही.

मागच्या आठवड्यात हंगाम संपला, मी इंजीन बंद करत होतो. दाजी बाजूला पोत्यावर बसले होते. सेनगावकडचा एक शेतकरी आला होता. त्यानं नवीन इंजीन घेतलंय, रीत विचारत होता. दाजींनी सगळं समजावून सांगितलं. मग उजवा हात त्याच्यापुढे धरला. "तेल मापात घाल रं बाबा. म्या येक वाटी जादा घातली, हे बघ काय झालं. मह्या मेव्हण्यानं तर बराबर घातलं व्हतं." आणि सुतळी माझ्याकडे दिली, कारण त्या हातानं त्यांना गाठ मारता येत नाही. "मारा पाव्हणं. तुमच्या गाठीला चूक न्हाई."

तो शेतकरी माझ्या हातांकडे नीट बघत होता, शिकायचं म्हणून. मी दोन गाठी मारल्या.

नऊ वर्षांपूर्वीच्या दोन गाठी खोट्या होत्या. दाजींच्या वाटीनं काहीही झालेलं नाही. तो डबा माझा होता.