‘शेवटचं प्रूफ’च्या लेखकाला शोधत वेळणेश्वरला

वेळणेश्वरला जायचं मी ठरवलं ते समुद्रासाठी नाही, एका कादंबरीच्या तिसऱ्या भागासाठी. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. पुण्यात मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते आणि पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होते. आदल्या वर्षापर्यंत तिथे आम्ही दोघं राहायचो, मी आणि माझा थोरला भाऊ. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. मग दादाला कावीळ झाली, ती अंगात मुरली आणि पावसाळा संपायच्या आत तो गेला.

आम्हांला एकाच जातीच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. पुस्तकांभोवतीच रहस्य असलेल्या. हरवलेलं हस्तलिखित, टोपणनावाआड दडलेला लेखक, ग्रंथालयातल्या प्रतीतून कुणीतरी फाडलेलं पान. अशी कादंबरी मिळाली की आधी कोणी वाचायची यावरून भांडण व्हायचं. शेवटी दादा मोठ्याने वाचायचा आणि मी भाजी निवडत ऐकायचे.

त्यात सगळ्यांत लाडकी ‘शेवटचं प्रूफ’. लेखकाचं नाव फक्त ‘अनाहूत’. गोविंद नावाचा मुद्रितशोधक एका छापखान्यात काम करत असतो. त्याचा आवडता कादंबरीकार मरतो, गोविंद त्याच्या अंत्ययात्रेला जाऊन येतो, आणि पुढच्याच महिन्यात त्या मेलेल्या लेखकाचं नवंकोरं प्रकरण टपालाने छापखान्यात येतं. मग दर महिन्याला येतच राहतं. कोण लिहितंय? दादा म्हणायचा, गोविंदच. मी म्हणायचे, लेखकाची विधवा. दुसरा भाग ऐन मोक्यावर संपला होता. मागच्या कव्हरवर ‘तिसरा भाग लवकरच’ असं छापलं होतं, पण तो कधी आलाच नाही. आमचा वाद तसाच राहिला आणि वाद घालणारा निघून गेला.

आमच्या वाचनालयाच्या मालकांना मी एकदा सहज विचारलं. ते म्हणाले, “अनाहूत ना? कोकणातले कोणी शाळामास्तर. वेळणेश्वरच्या बाजूचे, असं त्यांचे प्रकाशक म्हणाले होते.” एवढंच. दिवाळीनंतर रजा शिल्लक होती. दुसरा भाग पिशवीत टाकला आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगते. सकाळी स्वारगेटहून चिपळूणची एसटी धरायची. सातारा, कराड, पाटण करत गाडी कुंभार्ली घाट उतरते. डावीकडची खिडकी मिळाली तर बरं. घाट लागेपर्यंत हवा कोरडी असते, खाली उतरताच अंगाला चिकटायला लागते. चिपळूणच्या स्टँडवर मिसळ खाल्ली, गुहागरकडे जाणारी गाडी घेतली, शृंगारतळीला उतरून वेळणेश्वरची. ती दिवसातून मोजक्याच वेळा सुटायची, म्हणून तिथे बराच वेळ बसावं लागलं. आता रस्ते रुंद झालेत, राहायला हॉटेलं झालीत. तेव्हा उतरलं की देवळाजवळ कुणाच्या तरी घरी सोय बघायची, हाच रिवाज होता.

शेवटचा उतार उतरताना माडांच्या शेंड्यांवरून एकदम समुद्र दिसतो. गाडीतल्या एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसून तो दाखवला. मी ज्याला ढोसावं असं माणूस शेजारी नव्हतं. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

देवळापाठच्या पोफळीच्या बागेत सुमतीकाकूंचं घर होतं. पाहुण्यांना त्या एक खोली देत. मला बघून त्यांनी आधी माझ्यामागे रस्त्याकडे नजर टाकली.

“एकटीच आल्येस होय? बरोबर घरचं कोणी नाही?”

“नाही.”

“नवस वगैरे आहे का काही?”

मी कादंबरीचं सांगितलं. त्या पदराने हात पुसत ऐकत राहिल्या. “अनाहूत बिनाहूत इथे कोणी नाही बाई. पण पुस्तकं लिहिणारे म्हणशील, तर मुकादम मास्तर. खाडीकडच्या वाडीत असतात. माझ्या मुलाला मराठी त्यांनीच शिकवलं. गावात आणखी कुणी लिहिल्याचं ऐकलं नाही मी.” मग जरा थांबल्या. “जाऊन ये. आता त्यांचं... जाऊन ये, कळेल.”

जेवायला कुळथाचं पिठलं, भात आणि वर तूप होतं. इतकं साधं जेवण इतकं चवीचं मी क्वचितच जेवले असेन. संध्याकाळी समुद्रावर गेले. नारळाच्या झावळ्या ओढत नेणारा एक गडी सोडला तर किनाऱ्यावर कोणी नव्हतं. लाटांच्या आवाजात माणसाला स्वतःशी मोठ्याने बोलता येतं. मी बोलून पाहिलं, पण दोन वाक्यांपुढे काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत निघाले. वाट आधी सड्यावरून जाते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. दिवाळीनंतर तिथलं गवत पिवळं पडतं. मग पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरत उतरत खाडी येते. पाणी घ्या, टोपी घ्या, सावली कुठेही नाही. वाडीत बहुतेक घरं मुसलमानांची. बरीचशी नव्याने रंगवलेली, आणि प्रत्येक घरातला एक तरी पुरुष आखातात. मास्तरांचं घर मात्र जुनं कौलारू होतं. ओटीवर त्यांची सून तांदूळ पाखडत होती. जुबेदा तिचं नाव, नवरा कुवेतला.

मी पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. तिने कव्हरवरून हात फिरवला.

“हे अब्बांचंच. घरात होतं, पण वाळवी लागली सगळ्याला.” मग सूप खाली ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, “पण ताई, अब्बांना आता काय याद रहात नाय. दोन वर्सं झाली. मला पण कदी कदी विचारतात, तुमी कोन म्हणून.”

मास्तर आत आरामखुर्चीत बसले होते. पांढरा स्वच्छ सदरा, पांढरी दाढी, ताठ बैठक. मी नमस्कार केला, त्यांनी अदबीने बसायला सांगितलं.

“आपण कुणाकडच्या?”

“पुण्याहून आले. तुमची कादंबरी वाचली होती, तिच्याबद्दल विचारायचं होतं.”

“कादंबरी? नाही हो, मी शाळेत शिकवतो.” थोड्या वेळाने पुन्हा, “आपण कुणाकडच्या?”

इतका लांबचा प्रवास, इतक्या महिन्यांचं मनात घोळणं, आणि ज्याच्याजवळ उत्तर होतं तो माणूस माझ्याकडे हसून बघत होता, पण त्याच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. उठायलाच निघाले होते. जुबेदाभाभी दारातून म्हणाली, “जरा बसा ना. त्यांना वाचून दाकवा थोडं. माझं मराठी वाचणं अडकत अडकत, ते चिडतात.”

म्हणून मी वाचायला लागले. घरी मोठ्याने वाचायचा तो दादा, मी कधी वाचलंच नव्हतं. पहिलं पान आवाज सापडेपर्यंतच गेलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. एका वाक्याशी त्यांनी बोट वर केलं.

“तिथे स्वल्पविराम आहे?”

“आहे.”

“काढा. चुकीचा आहे.”

भाभी हसली. “तरुणपणी मुंबईला छापखान्यात हेच काम करायचे. मग मास्तर झाले.”

भाभीने मध्येच सांदण आणि चहा आणून ठेवला. हा नारळाच्या दुधातला तांदळाचा गोड, जाळीदार प्रकार कोकणातल्या मुसलमान घरांत फार सुरेख करतात. कुणी आग्रह केला तर नाही म्हणू नका. दुपारपर्यंत मी निवडक प्रकरणं वाचत गेले आणि शेवटच्या पानाशी आले. गोविंद विधवेच्या दाराशी उभा आहे, हातात ताजं प्रकरण, आतून टाइपरायटरचा आवाज येतो आहे. संपलं.

मास्तर पुढे वाकले. “मग?”

“पुढचा भाग निघाला नाही.”

“निघाला नाही म्हणजे?” त्यांचा आवाज चढला. “वाचणाऱ्याला असं दारात उभं करून निघून जायचं? कोण हा लेखक?”

भाभीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “माहीत नाही. टोपणनावाने लिहायचे.”

“शरम वाटायला हवी.” मग ते जरा निवळले. “तुम्हांला काय वाटतं? कोण लिहितं ती प्रकरणं?”

मी माझं मत सांगितलं. मग म्हणाले, “माझ्या भावाला वाटतं की गोविंदच लिहितो.”

“हुशार आहेत. कुठे असतात? त्यांना का नाही आणलंत? त्यांच्याशी बोलायला पाहिजे.”

“तो गेला. मागच्या वर्षी.” एक्स्चेंजमध्ये, चाळीत, वाचनालयात हे सगळ्यांना आपोआप कळलं होतं. स्वतःच्या तोंडाने हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. मास्तरांनी माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने भाभीकडे वळून त्यांनी विचारलं, “या बाईंचे भाऊ यायचे होते ना? आले नाहीत अजून?”

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी धरायची होती. ती मी सोडली आणि पुन्हा सडा तुडवत खाडीवर गेले. सुमतीकाकूंनी डब्यात दडपे पोहे दिले.

मास्तरांनी मला ओळखलं नाही. “आपण कुणाकडच्या?” मी पुण्याची म्हणाले आणि दुसऱ्या भागाचं पहिलं आणि शेवटचं प्रकरण नव्याने वाचलं. तोच स्वल्पविराम पुन्हा खटकला. शेवटी ते तसेच पुढे वाकले. “मग?”

या वेळी मी पुस्तक मिटलं नाही. कोरं शेवटचं पान समोर धरलं आणि वाचत असल्यासारखी बोलत गेले. गोविंद दार ढकलतो. आत ती बाई टाइपरायटरवर बसलेली असते, पण ती घरखर्चासाठी लोकांची पत्रं टाइप करत असते. प्रकरणं तिची नसतात. ती गोविंदच्या हातातल्या कागदावरचं अक्षर बघते आणि म्हणते, हे तर तुमचं अक्षर, यांच्या प्रूफांच्या समासात पाहिलंय मी. आणि गोविंदला कबूल करावं लागतं. इतकी वर्षं ज्याची वाक्यं तपासली, तो माणूस गेल्यावर छापखान्यातलं टेबल त्याला सहन होईना, म्हणून तो स्वतःच लिहून टपालात टाकत होता. कुणाला फसवायला नाही. सकाळी पाकीट आलं की अजून कोणीतरी आहे असं वाटायचं, म्हणून.

बोलता बोलता मला कळलं की दादाचं बरोबर होतं.

“मग गोविंद घरी जातो,” मी म्हणाले. “लिहिणं बंद करतो. एकटाच राहतो. समाप्त.”

मास्तर खुर्चीत मागे टेकले. मग मान हलवली. कालचा राग नव्हता, वर्गात निबंध तपासताना बोलावं तसं ते बोलले.

“बाकी चांगलं आहे. पण शेवट बदला. गोविंदला इतकं एकटं ठेवू नका. त्या बाईंनी त्याला आत बसवायला काय हरकत आहे? घरात दुसरं कोण आहे त्यांच्या?”

“बदलते,” मी म्हणाले.

निघताना पुस्तक भाभीपाशी ठेवलं. म्हटलं, अडकत अडकत का होईना, वाचा. ती पाखाडीच्या पहिल्या वळणापर्यंत पोचवायला आली. “परत या,” म्हणाली. मला पुढे कधी जमलं नाही. दोन-तीन वर्षांनी कळलं की मास्तर गेले आणि भाभी मुलांना घेऊन कुवेतला गेली.

परतीच्या गाडीत घाट चढताना गार वारा लागला. पुण्यात उतरले तेव्हा संध्याकाळ होत होती. दोन खोल्यांचं कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. प्रवासाने एकटेपणा गेला असं मी सांगणार नाही. तो तिथेच होता. कादंबरीचा खरा शेवटही मिळाला नाही, तो मास्तरांबरोबरच हरवला. ज्यांना अशा शोधाला निघायचंय त्यांना एवढंच सांगेन, की लेखक सापडला तरी तो हाती लागेल असं नाही. पण जा. वेळणेश्वरचा उतार आणि खाडीची ती वाट त्याशिवायही जाण्यासारखी आहे.

दुसऱ्या दिवशी कामावर मालती भेटली. माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची. गावाहून बदली होऊन आलेली, वसतिगृहात राहायची, आणि आमचं बोलणं आजवर ‘पाळी बदलतेस का’ याच्यापुढे गेलं नव्हतं. तिने विचारलं, “रजेत काय केलंस?”

मी सांगायला लागले. लाइन वाजत राहिल्या, गोष्ट तुटत राहिली. पाळी संपली तेव्हा गोविंद नुकता अंत्ययात्रेहून परतला होता. मालती पर्स घेऊन दारात घुटमळत उभी राहिली.

“घरी चल,” मी म्हणाले. “पुढचं तिथे सांगते.”

त्या संध्याकाळी मी दोन माणसांचा भात लावला.