काकांचं ऑफिस

माझ्या काकांइतकं ऑफिस कळलेला माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात दुसरा नसेल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ही गोष्ट घडेपर्यंत काकांनी एकाही ऑफिसात पाय ठेवला नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचं सगळं ज्ञान रोज संध्याकाळी सात वाजता लागणाऱ्या एका मालिकेतून आलेलं. ती एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात घडायची. आमच्या तांड्यावर त्या वेळी हमखास लाईन नसे, म्हणून काका ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडत. सकाळी ट्रॅक्टर चालू होत नसे, मग चार माणसं ढकलायला यायची. ढकलताना काका त्यांना कालचा भाग सांगायचे, त्यामुळे कुणाची तक्रार नसे.

घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण मालिकेचा विषय निघाला की काका मराठीवर यायचे. "आफिसची गोष्ट आफिसच्या भाषेत," असं त्यांचं म्हणणं. काकू जेवायला बोलवायला आली की ते विचारायचे, "अर्जंट हाय का?" मालिकेतल्या मॅडम रागावल्या की खुर्ची फिरवून पाठ करून बसत. फिरती खुर्ची आमच्याकडे कुठून येणार? काका रागावले की उठायचे, बाज उचलून उलट्या दिशेला ठेवायचे आणि मग तिच्यावर बसायचे. एवढ्या कष्टात राग कुठल्या कुठे जायचा.

पण त्या वर्षी खरंच ऑफिसचं काम निघालं. काकांची कविता सातवी पास झाली. पुढची शाळा सेनगावला, आणि एसटी आमच्या फाट्यावर थांबत नसे. बस थांबली नाही तर पोरीची शाळा संपली, हे सगळ्यांना कळत होतं. कॉलेजात गेलेला घरातला पहिला मीच, म्हणून अर्ज मी लिहिला. चार कागद वाया घालवले. काका तो खिशात घालून हिंगोलीला एसटीच्या ऑफिसात गेले. तीन दिवस रोज गेले आणि रोज "काम चालू हाय" म्हणत परतले. चौथ्या दिवशी मी भीतभीत सोबत गेलो.

काका आत गेलेच नाहीत. दाराआड भिंतीला चिकटून, कान लावून उभे राहिले. थोड्या वेळानं आतले बाबू बाहेर आले.

"बाबा, चार दिवसांपासून बघतोय. इथं काहून उभे राहता?"

"काई न्हाई साहेब, तुमी बोलत ऱ्हा. आमच्या फाट्याचा विषय निघाला की मी एकदम आत येतो."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाबू मात्र हसले. "अहो, विषय निघायला अर्ज टेबलावर पाहिजे!"

"मालिकेत त कोनीच अर्ज देत न्हाई," काका म्हणाले.

"म्हणून तर तिथं दोन वर्षांत एक काम झालं न्हाई! आणा इकडं."

घामानं मऊ झालेला अर्ज काकांनी दोन्ही हातांनी दिला. महिन्याभरात बस थांबू लागली. पहिल्या दिवशी कविता चढली तेव्हा काकांनी कंडक्टरला विचारलं, "बराबर थांबवसान ना संध्याकाळी?"

संध्याकाळची बस सातच्या सुमारास यायची.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी गावी आलो तर टीव्हीवर चादर टाकलेली, ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू. काका फाट्यावर होते, रोजच असतात म्हणे. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. मालिका कुठवर आली, असं हळूच विचारलं.

"म्हाईत न्हाई बा," ते रस्त्याकडे बघतच म्हणाले. "आज तिचा गणिताचा पेपर व्हता. गाडी उशीर करून राहिली."

त्यांना सांगता यावं म्हणून मी होस्टेलवर मुद्दाम चार भाग पाहून आलो होतो. दूर वळणावर दिवे दिसले, काका दोन पावलं पुढं झाले, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.