पगार वाढला, पण पलीकडे

धाग्याच्या कारखान्यात मशीनखाली गुंता साठतो. कितीही झाडा, पाळी संपेपर्यंत पुन्हा तेवढाच. मसाट गावात अशा कारखान्यात कामाला होतो तेव्हाचे किस्से असेच साठलेत. मी बोलायला लाजायचो, त्यामुळे ऐकलेलं सगळं माझ्याकडेच उरलं.

*

आम्ही चौघं एका खोलीत. सुपडूभाऊ सगळ्यांत मोठे, धुळ्याकडचे. सरकारने किमान वेतन वाढवलं की शेजारच्या सामरवरणी गावात वेगळी खोली घ्यायची आणि वहिनींना आणायचं, हे त्यांचं ठरलेलं. खोलीसुद्धा ठरलेली! रविवारी जाऊन बाहेरून बघून यायचे. बायकोला कधी आणताय, असं तिथली गुजराती घरमालकीण विचारायची, "वहुने क्यारे लावो छो?"

"सरकारला विचारा, बेन."

*

चहाच्या वेळी एकदा वाद पेटला, वेतन वाढवावं की नाही. सुपरवायझर म्हणाले, पगार वाढले तर शेठ नवी मशीन आणतील आणि माणसं घरी जातील. एक मशीन आलीच होती, आणि माणसं गेलीही होती.

सुपडूभाऊ कप खाली ठेवून म्हणाले, "मशीनचं बरं असतं, साहेब. तिची बायको गावाला नसते."

*

मग एका संध्याकाळी रेडिओवर मराठी बातम्यांत आलं, किमान वेतन वाढलं. भाऊंनी जिलेबी आणून अख्ख्या चाळीत वाटली. सकाळी सुपरवायझरलाही दिली. त्यांनी ती खाऊन घेतली आणि मग सांगितलं, "अरे, ते महाराष्ट्रात. हा केंद्रशासित प्रदेश. इथला दर वेगळा."

आम्ही रोज गावाकडच्याच बातम्या ऐकायचो. आपण तिथे राहत नाही, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

*

तीच बातमी गावातही ऐकली गेली. वहिनी निरोपाची वाट न बघता निघाल्या. एस.टी.तून उतरल्या त्या वळकटी आणि पाटा-वरवंटा घेऊन.

भाऊंनी त्यांना सामरवरणीची खोली दाखवली आणि तिथेच उभ्याउभ्या खरं काय ते सांगितलं. वहिनी खिडकीतून आत बघत राहिल्या. चूल कुठे मांडता येईल, ते बोटाने दाखवलं. रात्री घरमालकिणीने त्यांना आपल्याकडे झोपायला नेलं.

सकाळी परतीच्या गाडीत मी वळकटी चढवली. पाटा उचलायला वाकलो, तर वहिनींनी अडवलं.

"तो राहू दे, भावजी. मी काय दोनदा ओझं वाहू का?"