जास्वंदीच्या जागी रिकामा चौकोन

आमचा बागप्रेमींचा ऑनलाइन मंच मी परवा सुरक्षित जोडणीवर नेला आणि ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं ते चिमुकलं कुलूप पाहून स्वतःवरच खूश झालो. तासाभरात सभासदांचे फोन सुरू झाले. जुने फोटो असुरक्षित पत्त्यांवरून येत होते, म्हणून ब्राउझर ते दाखवेचना. अक्षरंही एकमेकांवर चढली होती. दोन दिवस एकेक पान दुरुस्त करून मी पार वैतागलो. आमच्या गुलाबांवर असा कुणाचा डोळा होता, की त्यांना कुलपात ठेवावं?

तेवढ्यात शोभाताईंचा फोन आला. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले.

"अहो, ह्यांनी टाकलेली जास्वंद दिसत नाही."

मी चिडूनच ते पान उघडलं. फोटोच्या जागी रिकामा चौकोन होता.

"फोटो गेलाय, ताई. खाली लिहिलेलं तेवढं राहिलंय."

"काय लिहिलंय? ते बारीक अक्षर मी कधी वाचलंच नाही. फूलच बघायचे."

मी वाचलं, "आज पहिलं फूल. शोभा अजून झोपलीय, तिला उठवायला चाललोय."

मग त्या म्हणाल्या, "परत वाचा."