नाचणी चालते, भाकरी चालत नाही

"टोपली हितंच ठेव. मंडपात चढू नगं."

अण्णा सगळ्यांसमोर बोलले. अण्णा म्हणजे आमच्या गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष. मी देवळाच्या पायरीखाली उभी, डोक्यावर गरम भाकऱ्यांची टोपली. आत तोरणा गड बघायला आलेले पुण्याचे पाहुणे पंगतीला बसलेले.

गावात मोबाईलची रेंज यायच्या आधीची ही गोष्ट. शहरातल्या एका संस्थेनं योजना आणली होती. गडावर येणाऱ्यांना गावानं जेवू घालायचं, जंगल राखायचं, कचरा होऊ द्यायचा नाही. संस्थेच्या मॅडम आमच्या बुद्धवाडीतही आल्या. "प्रत्येक घराचा सहभाग हवा," म्हणाल्या. मी हरखले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ नगंस. तितं आपली भाकरी कोन खानार हाय?" मी ऐकलं नाही. पहाटेच चुलीपुढं बसले.

आमच्याकडची तऱ्हाच अशी. आमच्या शेतातली नाचणी गावाला चालते. तिचं पीठही चालतं. त्या पिठाला माझ्या हातचं पाणी लागलं की ते बाटतं. त्या दिवशी पंगतीत वाढलेली भाकरीसुद्धा आमच्याच नाचणीची होती. थापली होती अण्णांच्या घरात.

मी मॅडमकडे बघितलं. त्या हळूच पायरीपाशी आल्या.

"पाहुण्यांसमोर आत्ता हा विषय नको. तुमची नाचणी घेतलीय ना? तोही सहभागच."

आणि हातात रिकामं पोतं दिलं. पाहुण्यांच्या बाटल्या वेचायला.

अण्णांचा राग आला होताच. मॅडमचा त्याहून जास्त आला. अंगाची लाही लाही झाली. पोतं पायरीवर टाकलं.

"भाकरी चालत न्हाई, तर माजी नाचनीबी मिळायची न्हाई."

अण्णा हसले. मी टोपली घेऊन परत आले. वाडी पोटभर जेवली.

सुगी झाल्यावर अण्णांचा गडी नाचणी न्यायला आला. रिकाम्या हातानं परत पाठवला. गडाची वाट आमच्या शेताला लागून जाते. तिथंच बांधावर तीन दगड मांडून गडावर जाणाऱ्यांना भाकरी विकायला चूल पेटवली. संध्याकाळी समितीचा निरोप आला, "न इचारता मांडलीया. उठीव."

मी उलट निरोप धाडला, उठवणार नाही. बांध माझा, नाचणी माझी, हात माझे. ज्याला चूल उठवायची असेल त्यानं यावं, समोर बसावं, आधी माझ्या हातची भाकरी खावी. मग बोलावं.