खळ्यावरची चिंधी

छापखान्यात नव्या पत्रकाचं प्रूफ तपासत उभी होते, तेव्हा पिशोरहून गंगूमावशीचा फोन आला. "हमीदचाचा गेले गं. जुम्म्याच्या नमाजीनंतर माती दिली." मशीन चालूच होतं. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कागदावर माझीच खणखणीत वाक्यं होती. त्याला दीड महिना झाला. एक वाक्य मात्र मी कधीच छापलं नाही, ते आज लिहिते आहे.

चाचांचं बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार नाकाशी नेऊन, उघडायच्या आधीच ते दोष सांगायचे. आख्खा तालुका त्यांच्याकडे यायचा. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. मावशीच्या गोठ्यात चार म्हशी, आणि नेमकी धारेच्या वेळी लाईट जायची. शहरातल्या जाहिरातींच्या पाट्या मात्र झगमगत असायच्या. माझं डोकं फिरायचं; त्यावर मी पत्रकं काढायचे. गोठ्याची वीज वाऱ्यावर करता येईल का, असं विचारत मी चाचांच्या दुकानात शिरले, तर ते हसून म्हणाले, ट्रकचा जुना डायनामो पडलाय, बघू.

पाती त्यांनी प्लास्टिकच्या पाइपातून कापली, रंध्याने तासली. पण जागा ठरवायची पद्धत बघून मी चकित झाले. कसला नकाशा नाही, काही नाही. मावशीला विचारलं, "उफणायला कुठं उभी राहतीस?" तिनं माळावरचं खळं दाखवलं. म्हणाली, तिथं सूप उचललं की भूस आपसूक उडतंय. चाचांनी आपल्या जुन्या लुंगीची चिंधी फाडून तिथं वेळूला बांधली आणि महिनाभर जाता-येता मान वर करून ती बघत राहिले.

मला मात्र पवनचक्की रस्त्याला लागून, गोठ्यापाशी हवी होती. माळावर कोण बघणार? पुढे गोदाम, मागे लिंबाची झाडं, वारा अडणार... चाचांनी हे सगळं दाखवलं. "बेटा," ते म्हणाले, "वाऱ्याला पत्रक वाचता येत नाय." मी दोन दिवस भांडले. शेवटी सांगून टाकलं की जागेसकट पत्रकं वाटून झालीत. त्यांनी चष्मा पुसला. "छापलंस? मग करू उभी."

बाजाराच्या दिवशी उद्घाटनाला लई माणसं जमली. पातं हललं नाही. आणि वर माळावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, चाचांची चिंधी फडफडत होती. कुणीतरी ओरडलं, "चाचा, फुंकर मारा!" हशा पिकला. माईक माझ्या हातात होता. भारनियमनावर अर्धा तास बोललेली मी, आता माईकची वायर गुंडाळत राहिले. चाचांनी हलकेच माईक काढून घेतला. "जागा निवडण्यात माझी चूक झाली," म्हणाले. "मशीन ठीक आहे."

आठवड्यात त्यांनी मनोरा खळ्यावर नेला, तिथून गोठ्यापर्यंत तार ओढली, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दोन बल्ब लागले. ते बघायला कुणीही आलं नाही. 'फुंकरवाले चाचा' हे नाव मात्र चिकटलं. ज्याला साधा वारा कळत नाय त्याला मोटार काय कळणार, असं म्हणत लोक मोटारी तालुक्याला, कन्नडला नेऊ लागले. दुकानातला जळक्या मोटारींचा वास विरळ होत गेला. मी गेले की चाचा चहा मागवायचे, नवं पत्रक मोठ्यानं वाचायचे, शुद्धलेखन सुधारायचे. त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. तेव्हा मला वाटायचं, विसरले असतील. अन्यायावर गावोगाव ओरडणाऱ्या माणसाला असं वाटून घेणं किती सोपं असतं!

परवा पिशोरला गेले. धारेची वेळ होती, लाईट गेलेली. गोठ्यातले दोन्ही बल्ब मात्र जळत होते. मावशी म्हशीखाली बसली होती. मी म्हणाले, "मावशे, रस्त्याची जागा मी ठरवली होती. चाचा नको म्हणत होते."

तिचा हात थांबला नाही. "मला काय सांगतीस? बाजारात सांग."

म्हणून इथवरचा मजकूर आधी पिशोरच्या बाजारात लावला, चाचांच्या बंद दुकानाच्या शटरवर. मग छापायला इथं पाठवला. लावून झाल्यावर माळावर चढले. वेळूवर चिंधी आहे. लुंगीची ती केव्हाच विरली; आता मावशीच्या लुगड्याची आहे, दर सुगीच्या खळ्याला ती नवी बांधते. खाली उतरताना मीही मान वळवून बघितलं... वारा होता.