नो पेन, सर

गुंडू मास्तर वर्गात पुस्तकाच्या आधी कात्री बाहेर काढायचे. बेळगावजवळच्या वडगावातल्या आम्हा विणकरांच्या पोरांना इंग्रजी बोलायला शिकवायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. कागदाच्या टोप्या, कळकाच्या लेखण्या, चिखलाची फळं आम्हीच करायची आणि वर्गात दुकान मांडायचं. टोपी घालील तो साहेब.

"एनी पेन?" साहेब विचारी.

माल संपला असला तर दुकानदार म्हणे, "नो पेन, सर!"

कुणी अडखळला की मास्तर ओरडत, "तोंड उघड रं! माशी शिरली तर मी काढतो!" छडी त्यांना कधी जमलीच नाही. सगळ्यांत तरबेज होता महादू. साहेबाला रिकाम्या हातानं परत पाठवताना त्याला भारी मजा यायची.

मग बेळगावात प्लेग आला. नाक्यावर गोरा डॉक्टर लोकांना तपासून आजाऱ्यांना छावणीत धाडू लागला. एका सकाळी महादू, त्याचे आप्पा आणि मी सूत घेऊन परतत होतो. महादू लंगडत होता.

"जांघंत लई दुखतंय रं," तो म्हणाला.

"घरी गेल्यावर शेकू," आप्पा म्हणाले.

डॉक्टरनं त्याच्याकडं बघून विचारलं, "एनी पेन?" दुभाष्यानं तोंड उघडायच्या आत महादू खणखणीत ओरडला, "नो पेन, सर!" साहेब हसला, त्याची पाठ थोपटली आणि सोडून दिलं. आप्पांची छाती फुगली.

"सायबाला पेन पायजे हुतं," पुढं गेल्यावर महादूनं मला समजावलं.

आठवडा उलटायच्या आत महादू गेला. मागोमाग त्याची धाकटी बहीण गेली. मी मास्तरांना नाक्यावरची हकिगत सांगितली.

"दुखण्यालाबी पेनच म्हणतात रं," ते म्हणाले. "मी सांगितलंच न्हाय."

मला त्यांचा राग कधी आला नाही. त्यांना स्वतःचा आला, तो मात्र गेला नाही.

त्याच संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी असताना आप्पा आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मास्तर, एवढंच इचारायचं हुतं. सायेब हसला म्हणून म्हटलं. माझ्या पोराचं इंग्रजी बरोबर हुतं न्हवं?"

मास्तर उठून उंबऱ्यापाशी आले.

"बरोबर हुतं, आप्पा. एक अक्षर चुकला न्हाय."

आप्पांनी डोळे पुसले, हात जोडले आणि समाधानानं घरी गेले. मास्तर पुन्हा कुठल्याच पोरासमोर शिकवायला उभे राहिले नाहीत.